‘पुट ऑफ’ की ‘कॉल ऑफ’? फ्रेजल व्हर्ब शोधण्यासाठी लाँगमनचा मोफत ऑनलाइन कोश कितपत कामाचा

‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ आणि ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’. ऑफिसच्या मेलमध्ये ही दोन्ही वाक्यं नेहमी येतात, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ ‘मीटिंग नाही’ एवढाच लागतो. पहिल्यात मीटिंग पुढे ढकलली आहे, म्हणजे तयारी चालू ठेवायची. दुसऱ्यात ती रद्द झाली आहे, म्हणजे बुक केलेली खोली सोडून द्यायची. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘कॉल’ म्हणजे बोलावणं, ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे तिन्ही शब्द पाचवीपासून पाठ असले तरी इथे त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

म्हणून अशा फ्रेजल व्हर्बसाठी, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या जोड्यांसाठी, कोश निवडताना त्यात शब्द किती आहेत हे बघून भागत नाही. नेमका कुठला अर्थ लागू आहे, कर्म मध्ये बसतं की शेवटी, ही जोडी बोलण्यात शोभते की अर्जातही चालते, हे त्याने एका नजरेत सांगायला हवं. मोफत मिळणाऱ्या ऑनलाइन कोशांत ही कसोटी सगळ्यात चांगली उतरते ती ‘लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश’च्या संकेतस्थळावर. केंब्रिजचा कोश शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवावा. का, ते पुढे येईल. पण पहिला लाँगमन.

हा कोश छापील रूपात पहिल्यांदा १९७८ मध्ये आला, तो खास इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी. त्याची मोठी सोय म्हणजे सगळ्या व्याख्या सुमारे २००० नेहमीच्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. अर्थ वाचताना अडून दुसरा शब्द शोधायला जावं लागत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलालाही व्याख्या सरळ वाचता येते. फ्रेजल व्हर्बच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे, कारण मोठ्या कोशांत ‘पुट ऑफ’चा अर्थ ‘डिफर’ दिसला की आधी ‘डिफर’ शोधायची वेळ येते.

आता ‘पुट ऑफ’चीच नोंद जवळून पाहू. मथळा साधारण असा दिसतो: पुट, मग समबडी किंवा समथिंग, मग दोन्हीकडे टोक असलेला एक छोटा बाण, आणि शेवटी ऑफ. त्याखाली आकडे घालून अर्थ दिलेले आहेत. पहिला, काम किंवा कार्यक्रम पुढे ढकलणं. दुसरा, एखाद्या गोष्टीवरून मन उडवणं; हॉटेलची कळकट टेबलं बघून जेवायची इच्छा गेली तर इंग्रजीत टेबलांनी तुम्हाला ‘पुट ऑफ’ केलं. तिसरा, पैसे मागायला किंवा भेटायला आलेल्याला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत टोलवणं. चौथा, शेजारी गोंगाट करून एखाद्याचं कामावरचं लक्ष उडवणं. मन उडवणं आणि लक्ष उडवणं या दोन अर्थांपुढे ते मुख्यतः ब्रिटिश असल्याची खूण आहे. अमेरिकेतल्या भाच्याशी बोलताना ती खूण उपयोगी पडते.

मुख्य अर्थांच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत एक-दोन शब्दांची पाटी असते: ‘डिले’, ‘डोन्ट लाइक’ अशी. आधी फक्त पाट्या वाचत खाली जायचं, आपल्या वाक्याला लागू पडणारी पाटी सापडली की तिथेच थांबायचं. सगळी नोंद वरून खाली वाचत बसणारे बहुतेक जण पहिल्याच अर्थावर समाधान मानतात, आणि चुका होतात त्या तिथेच.

आता तो बाण. लोक त्याच्याकडे लक्षच देत नाहीत, पण नोंदीतली सर्वांत कामाची खूण तीच आहे. बाण असेल तर कर्म दोन्हीकडे चालतं: ‘पुट ऑफ द मीटिंग’ही बरोबर आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ही बरोबर. बाण नसेल तर कर्म जिथे छापलंय तिथेच राहतं. ‘लुक आफ्टर’मध्ये बाण नाही, म्हणून ‘लुक आफ्टर द बेबी’ हे एकच रूप. ‘लुक द बेबी आफ्टर’ कुणी म्हणत नाही. मात्र बाणाच्या पोटात एक अट दडलेली आहे आणि नोंदीत ती दरवेळी लिहिलेली नसते. कर्माच्या जागी इट, हिम, हर, देम असं सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. ‘टर्न इट डाऊन’, ‘पिक हर अप’, ‘थ्रो देम अवे’ ही सगळी त्याच घरातली. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणारा छोट्या शब्दाची वाट बघत ताटकळतो. तीन शब्दांच्या जोड्यांत, म्हणजे ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘लुक फॉरवर्ड टू’ यांत, कर्म कायम शेवटी. तिथे सर्वनामही शेवटीच: ‘पुट अप विथ इट’.

या ‘लुक फॉरवर्ड टू’मुळे मराठी माणसाचे अर्धे मेल बिघडतात. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहिलं जातं, कारण ‘टू’ दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप ही सवय हाडीमाशी मुरलेली आहे. इथला ‘टू’ मात्र शब्दयोगी अव्ययासारखा आहे. त्याच्यापुढे नाम तरी येतं किंवा ‘मीटिंग यू’सारखं आयएनजी लागलेलं रूप. लाँगमनमध्ये नोंदीतच ‘टू डूइंग समथिंग’ असा साचा ठळक अक्षरांत दिलेला आहे. ‘पुट ऑफ’खालीही ‘पुट ऑफ डूइंग’ असाच साचा आहे, म्हणून ‘पुट ऑफ टू गो’ नव्हे, ‘पुट ऑफ गोइंग’. हे ठळक साचे व्याख्येइतकेच, किंबहुना जास्त काळजीने वाचावेत.

इंग्रजीचा हा गुंता परक्यांना छळतो हे कोशकारांना फार आधीपासून ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याच्या या रीतीची दखल घेतली, आणि परदेशी लोकांना सर्वांत जास्त अडचण इथेच येते असं नोंदवलं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनातून छापील रूपात आलं. ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

मराठी माणसाला खरं तर ही रीत तितकी परकी वाटायला नको. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही टाकत नाही, ‘लिहून ठेव’ म्हणताना कुठे काही ठेवत नाही आणि ‘पळून गेला’मधला ‘गेला’ पळण्यापेक्षा वेगळं जाणं सांगत नाही. दुसरं क्रियापद पहिल्याला फक्त एक छटा देतं: काम संपलं, कायमचं झालं, हातातून गेलं. इंग्रजीतला छोटा शब्द पुष्कळदा नेमकं हेच करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. तिथला ‘अप’ म्हणजे ‘वर’ नव्हे, तर पूर्ण होणं. ‘राइट डाऊन’ म्हणजे लिहून ठेव, ‘पुट अवे’ म्हणजे उचलून ठेव, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाक, ‘सेल ऑफ’ म्हणजे विकून टाक, ‘रन अवे’ म्हणजे पळून जा. अशा जोड्या आपल्या संयुक्त क्रियापदांशी लावून पाठ केल्या तर लवकर बसतात. पण ‘टाकणे’ला कायम ‘अप’ असा हिशोब मांडू नये. वरच्या उदाहरणांतच ‘टाक’साठी अप, अवे आणि ऑफ असे तीन शब्द आलेत. कुठल्या क्रियापदाला कुठला शब्द लागतो ते कोशातच बघायला लागतं.

लाँगमनमध्ये मराठी अर्थ नाहीत. काहींना ही उणीव वाटेल. केंब्रिजच्या संकेतस्थळावर इंग्रजी–मराठी कोश आहे, तिथे इंग्रजी व्याख्येखाली मराठी प्रतिशब्द मिळतो आणि नवशिक्याला तेवढा आधार हवाच असतो. पण फ्रेजल व्हर्बला एकच मराठी शब्द चिकटवला की दुसरीकडे फसगत होते. ‘टर्न अप’ घ्या. पंख्याचं बटण फिरवताना ते ‘वाढव’ होतं. हरवलेली किल्ली सोफ्याखाली ‘टर्न अप’ होते तेव्हा ‘सापडली’. आणि नऊची वेळ दिलेला माणूस साडेदहाला ‘टर्न अप’ होतो तेव्हा आपण म्हणतो ‘उगवला’. ‘उगवला’मध्ये जी न सांगता, आपल्या मर्जीने येण्याची छटा आहे, तीच ‘टर्न अप’मध्ये आहे; ‘आला’ म्हटलं तर ती निसटते.

आता या कोशाचा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग. अवजड एकेरी क्रियापदांच्या नोंदींत काही ठिकाणी ‘रजिस्टर’ नावाची छोटी चौकट असते. ‘पोस्टपोन’ उघडा, रोजच्या बोलण्यात लोक त्याऐवजी ‘पुट ऑफ’ म्हणतात, असं ती सांगते. ‘टॉलरेट’ उघडा, बोलण्यात ‘पुट अप विथ’ म्हणतात, असं सापडेल. मराठीतून इंग्रजीत जायचं असेल तर हीच वाट. ‘सहन करणे’ला फ्रेजल व्हर्ब कोणतं, हे लाँगमनला थेट विचारता येत नाही. पण शाळेत शिकलेलं ‘टॉलरेट’ तर माहीत असतं. ते शोधायचं आणि चौकटीत दिसेल ते उचलायचं. आपल्याकडचं इंग्रजी मुख्यतः पुस्तकातून आलेलं असल्यामुळे अवजड शब्द आपल्याला आधी येतात आणि साधे नंतर. चहा पितानाही आपण ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस हीट’ म्हणतो. वाक्य बरोबर असतं, पण कानाला अर्जासारखं लागतं.

याचा अर्थ फ्रेजल व्हर्ब नेहमी घरगुतीच असतात असा नाही, आणि ‘फॉर्मल लिखाणात फ्रेजल व्हर्ब वापरू नका’ हा क्लासमध्ये मिळणारा सल्ला अर्धवट आहे. ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आउट’, ‘बेस्ड ऑन’ हे अहवालात, शोधनिबंधात बिनदिक्कत चालतात. उलट ‘मेस अप’, ‘हँग आउट’ अर्जात नकोत. लाँगमन अशा जोड्यांपुढे ‘इन्फॉर्मल’ लिहितो. तो शब्द दिसला की ती जोडी मित्रांसाठी ठेवावी.

कोश एका बाबतीत गप्प राहतो, आणि तिथे वाचणाऱ्यालाच शहाणपण दाखवावं लागतं. भारतीय इंग्रजीत रुळलेल्या काही जोड्या त्यात सापडतच नाहीत किंवा भलत्याच अर्थाने सापडतात. ‘कोप अप विथ’ शोधून मिळणार नाही, कारण मूळ रूप नुसतं ‘कोप विथ’ आहे. त्यातला ‘अप’ बहुधा ‘कीप अप विथ’वरून आपल्याकडे चिकटला असावा. ‘डिस्कस अबाउट’ही मिळणार नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘पास आउट’ मिळतं, पण पहिलाच अर्थ बेशुद्ध पडणं. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असं परदेशी कंपनीच्या मुलाखतीत म्हटलं तर समोरचा काळजीने बघेल. पदवी मिळाल्याचं सांगायला ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं. ब्रिटिश इंग्रजीत ‘पास आउट’ शिक्षणासाठीही येतं, पण ते लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पूर्ण होण्यापुरतं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतली ‘पासिंग आउट परेड’ त्याच अर्थाची. ‘फिल अप द फॉर्म’ही असंच. फॉर्म ब्रिटिश माणूस ‘फिल इन’ करतो, अमेरिकन ‘फिल आउट’. ‘फिल अप’ करायची ती पेट्रोलची टाकी.

उतरणं आणि सोडणं या दोन क्रियापदांपाशी मराठी माणूस हमखास अडखळतो. बसमधून उतरायचं तर ‘गेट डाऊन’ नव्हे, ‘गेट ऑफ’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, त्यात चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’: बस, लोकल, विमान. सायकल आणि घोड्यालाही ऑन-ऑफच, कारण तिथे माणूस वर बसतो. ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’: मोटार, टॅक्सी, रिक्षा. ‘गेट डाऊन’ची लाँगमनमधली नोंद वाचली तर तिथे मन खट्टू करणं, लिहून घेणं, घशाखाली उतरवणं असे अर्थ मिळतात. ‘मी तुला स्टेशनवर सोडतो’चं ‘आय विल लीव्ह यू अॅट द स्टेशन’ झालं तर तिथेच टाकून जाण्याची छटा येते. हवं असतं ते ‘ड्रॉप यू ऑफ’. पाहुण्यांना निरोप द्यायला फलाटापर्यंत गेलात तर ‘सी देम ऑफ’. सिगरेट सोडली तर ‘गिव्ह अप’. यादीतलं एखादं नाव सोडायचं तर ‘लीव्ह आउट’. आणि ‘फोन ठेव’चं ‘कीप द फोन’ होत नाही. ते ‘हँग अप’. त्याला ‘ऑन मी’ जोडलं की अर्थ बदलतो: ‘शी हंग अप ऑन मी’ म्हणजे माझं बोलणं मध्येच तोडून तिने फोन ठेवला. म्हणून ‘ऑन’ जपून वापरावा.

शोधण्याची पद्धत चुकली तर चांगला कोशही रिकाम्या हाताने परत पाठवतो. पहिली चूक भूतकाळाची. वाक्यात ‘ब्रॉट अप’ असेल तर शोधताना ‘ब्रिंग अप’ लिहावं. दुसरी चूक छोटा शब्द न दिसण्याची. ‘शी टर्न्ड द ऑफर फ्रॉम द नाशिक कंपनी डाऊन’ या वाक्यात टर्न आणि डाऊन यांच्यामध्ये सहा शब्द आहेत. नुसतं ‘टर्न’ शोधणाऱ्याला वळणं, फिरवणं असं काहीतरी मिळतं आणि तिने ऑफर नाकारली हे शेवटपर्यंत कळत नाही. ओळखीच्या क्रियापदाचा ओळखीचा अर्थ बसत नसेल तर पूर्णविरामापर्यंत डोळा न्यावा आणि अप, डाऊन, ऑफ, आउट, ओव्हर यातलं काही लटकतंय का ते बघावं. मग ती जोडीच शोधपट्टीत टाकावी. ‘टर्न’च्या लांबलचक नोंदीत तळापर्यंत उतरत जाण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

उच्चाराचं महत्त्व कमी लेखू नये. उदाहरणांपुढे ध्वनिक्षेपकाचं चिन्ह दिसेल तिथे वाक्य ऐकावं. ‘पुट ऑफ’, ‘टर्न डाऊन’ यांत जोर छोट्या शब्दावर येतो, तर ‘लुक फॉर’मध्ये क्रियापदावर. क्रियापदाच्या जोडीचं नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर सरकतो: विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा जोर ‘ऑफ’वर, पण ‘टेकऑफ’ला उशीर झाला म्हणताना जोर ‘टेक’वर. लिहितानाही असाच फरक पडतो. क्रियापद असताना ‘लॉग इन’, ‘सेट अप’, ‘बॅक अप’ तोडून लिहायचे, नाम असताना ‘लॉगिन’, ‘सेटअप’, ‘बॅकअप’ जोडून. ‘प्लीज लॉगिन’ असं बँकेच्या पानावर जोडून दिसलं तरी ते चूकच.

उणिवाही सांगायला हव्यात. मूळ क्रियापदापुढे ते पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या हजारात मोडतं याची खूण लाँगमन देतो. बोलण्यासाठी वेगळी आणि लिखाणासाठी वेगळी. ‘पुट’खालच्या दोन डझनांहून अधिक जोड्यांतली आधी कुठली शिकावी, हे मात्र त्यातून कळत नाही. इथे केंब्रिजचा टॅब कामाला येतो: तिथे कित्येक फ्रेजल व्हर्बपुढे ए१ (अगदी नवशिक्या) पासून सी२ (सर्वांत वरची) पर्यंतची पातळी लिहिलेली असते. बी१, बी२ लिहिलेल्या जोड्या आधी उचलाव्यात, सी२ वाल्या परीक्षेची गरज नसेल तर राहू द्याव्यात. दुसरी गोष्ट, लाँगमनच्या पानाच्या तळाशी येणारी भाषासंग्रहातली जादा उदाहरणं संदर्भातून तुटलेली असतात आणि गोंधळ वाढवतात. नोंदीच्या आतली उदाहरणं निवडून घेतलेली आहेत, तेवढीच वाचावीत. मोबाइलवर जाहिराती मध्ये मध्ये येतात, त्याला इलाज नाही.

वहीत उतरवताना ‘पुट ऑफ = ढकलणे’ असं लिहू नये. त्यात बाण हरवतो, आयएनजी हरवतं आणि बाकीचे तीन अर्थही हरवतात. त्याऐवजी सर्वनाम घातलेलं एक आणि आयएनजी घातलेलं एक, अशी दोन पूर्ण वाक्यं लिहावीत: ‘वी पुट इट ऑफ टिल मंडे’ आणि ‘स्टॉप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’. शेजारी मराठी लिहायचंच असेल तर तेही वाक्यच लिहावं: ‘दाढ दुखतेय ना, मग डॉक्टरकडे जायचं किती दिवस पुढे ढकलणार?’